कामिनोसाठी तीनच आठवडे असतील तर लिओनपासून चाला

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही आणि तुमचे मिस्टर, दोघंही पन्नाशीच्या पुढचे, सह्याद्रीत अधूनमधून ट्रेक करता, मिस्टरांचा गुडघा उतारावर कुरकुरतो, दोघंही शाकाहारी पण अंडं चालतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्रवासासकट तीन आठवड्यांची सुट्टी मिळतेय आणि स्पेनमधला कामिनो दे सांतियागो, म्हणजे सांतियागोतल्या संत याकोबांच्या कबरीपर्यंतची जुनी ख्रिस्ती पदयात्रा, चालायचाय. सगळे सांगतायत शेवटचे १०० किमी करा, सर्टिफिकेट मिळतं, विषय संपला. तुम्हाला हवंय ते असं की एवढंच करावं का अजून काही जमेल, वाटेतली कुठली गावं चुकवू नयेत, वारीसारखं असतं का, आणि आपण ख्रिश्चन नाही तर तिथे अवघडल्यासारखं होईल का.

मी वसईची, कॅथलिक, आमच्या पॅरिशमधल्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या, आणि बाहेरच्याही लोकांचे छोटे ग्रुप घेऊन बरीच वर्षं या वाटेवर चालतेय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

सरळ उत्तर आधी. लिओनपासून सुरू करा. लिओन ते सांतियागो साधारण ३१० किमी आहे. विमान, ट्रेन वगैरेचे दिवस वजा केले की तुमच्याकडे सतरा-अठरा दिवस उरतात, म्हणजे रोजचे १८ किमीच्या आसपास, दुपारी दोनपर्यंत मुक्कामाला पोचता येतं आणि संध्याकाळ गावासाठी मोकळी राहते. हे शेवटचं मी मुद्दाम सांगतेय. आपले लोक कामिनोकडे किलोमीटर म्हणून बघतात, आज २८ मारले, उद्या ३२ मारू, आणि मग संध्याकाळी पाय वर करून बंकबेडवर पडतात, बाहेर आठशे-नऊशे वर्षांचं चर्च उभं असतं ते बघितलंच जात नाही. मी ग्रुपचे टप्पे गाव बघून आखते. ज्या गावात संध्याकाळ घालवावीशी वाटेल तिथे मुक्काम, मग तो टप्पा १४ किमीचा होवो नाहीतर २३ चा.

ते शेवटचे १०० म्हणजे प्रत्यक्षात सारिया गावाहून ११५ किमी, तेवढंच करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, आमच्याकडच्या पंचाहत्तरीच्या आजींनी तेवढंच केलं आणि मस्त केलं. पण २०२४ मध्ये सांतियागोत जवळजवळ ५ लाख लोकांनी कोंपोस्तेला, म्हणजे ते लॅटिनमधलं प्रमाणपत्र, घेतलं आणि सुरुवातीच्या ठिकाणांमध्ये सगळ्यात पुढे सारियाच होतं. म्हणजे तिथून पुढे गर्दी, शाळांच्या सहली, बेडसाठी धावपळ. शिवाय अंगाला रोज चालायची सवय लागायला आठवडा तरी जातो, सारियावाल्यांचं ती लागता लागताच संपतं. तुम्ही लिओनहून आलात तर सारियाला पोचेपर्यंत पाय बसलेले असतील आणि गर्दीचा त्रास कमी वाटेल.

लिओन ज्या वाटेवर येतं ती पूर्ण फ्रेंच वाट फ्रान्समधल्या सँ-जाँ-पिए-द-पोर या गावातून निघते, साधारण ७८० किमी, पाच आठवडे धरा. तुम्हाला आत्ता शक्य नाही म्हणून पटकन सांगते. पहिल्याच दिवशी पिरेनीज पर्वत चढून रोन्सेस्व्हायेसला उतरायचं असतं, २५ किमी आणि बाराशे मीटरच्या वर चढ, वरची वाट १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असते आणि ते गंमत म्हणून बंद करत नाहीत, धुक्यात आणि बर्फात माणसं हरवलेली आहेत. पुढे पाम्प्लोना, मग पुएन्ते ला रेइनाचा अकराव्या शतकातला दगडी पूल, इराचेला वायनरीच्या भिंतीत बसवलेला नळ ज्यातून यात्रेकरूंना फुकट वाइन येते (होय, खरंच, १९९१ पासून), सांतो दोमिंगो दे ला काल्सादाच्या कॅथेड्रलमध्ये पिंजऱ्यात ठेवलेला जिवंत पांढरा कोंबडा आणि कोंबडी. त्याची गोष्ट अशी की एका निरपराध पोराला चोरीच्या आळाने फासावर दिलं, तो संताच्या कृपेने जिवंत राहिला, आणि न्यायाधीश म्हणाला तो जिवंत असेल तर माझ्या ताटातला भाजलेला कोंबडा पण आरवेल, तर ताटातला कोंबडा उठून आरवला. मग बुर्गोस, तिथलं १२२१ मध्ये सुरू झालेलं कॅथेड्रल, आणि त्यानंतर मेसेता, मैलोन् मैल गव्हाची सपाट शेतं. मेसेता कंटाळवाणी म्हणून लोक बसने टाळतात, माझ्या मते तो वाटेचा सगळ्यात चांगला भाग आहे, पण तीन आठवड्यांत मेसेता आणि लिओनपुढचं दोन्ही नाही बसत, म्हणून तुम्हाला तो पुढच्या वेळी.

एक गंमत राहिली. बाराव्या शतकात यात्रेकरूंसाठी लॅटिनमध्ये एक मार्गदर्शिका लिहिली गेली, त्यात नवार्रा, म्हणजे पाम्प्लोनाच्या प्रांतातल्या सालादो नदीबद्दल ताकीद आहे की तिचं पाणी विषारी आहे, काठावर दोघं जण सुऱ्यांना धार लावत बसले होते, आम्ही विचारलं पाणी चांगलं का, म्हणाले चांगलं, घोड्यांना पाजलं, घोडे मेले आणि त्या दोघांनी लगेच कातडी सोलायला घेतली. नवार्राच्या लोकांवर त्या लेखकाचा एकूणच राग होता, पानंच्या पानं शिव्या आहेत. आजचे नवार्रावाले अतिशय प्रेमळ आहेत, काळजी नसावी.

आणि नवार्रा म्हटलं की आपल्याकडच्यांसाठी अजून एक. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चमध्ये ज्यांचं शव आहे ते संत फ्रान्सिस झेविअर, ते मूळचे इथलेच, १५०६ साली पाम्प्लोनाहून साधारण ५० किमीवर हाविएरच्या किल्ल्यात जन्मले आणि १५४२ मध्ये गोव्यात उतरले. दर मार्चमध्ये नवार्राचे लोक त्या किल्ल्याकडे चालत जातात. गोव्यातले आणि वसईतले लोक पाम्प्लोनाला आले की मी एक दिवस वाकडी वाट करून हाविएरला नेतेच.

आता लिओन. माद्रिदहून फास्ट ट्रेनने दोन-अडीच तासांत पोचता. एक पूर्ण दिवस द्या, जेटलॅगही जातो. कॅथेड्रलमध्ये जवळपास १८०० चौरस मीटर रंगीत काच आहे, तेराव्या शतकापासूनची, भिंती कमी आणि काचाच जास्त, म्हणून ऊन असेल तेव्हाच आत जा, ढगाळ वातावरणात अर्धी मजा जाते. सान इसिदोरोच्या बॅसिलिकेत राजांच्या थडग्यांच्या छतावर बाराव्या शतकातली चित्रं आहेत, त्यात बारा महिन्यांची शेतीची कामं काढलीत, पेरणी, कापणी, द्राक्षं तोडणं, डुक्कर मारणं, शेतकरी घरातल्या माणसाला हे फार आवडतं. मुक्कामाला बेनेडिक्टाइन सिस्टरांचा आल्बेर्गे आहे, आल्बेर्गे म्हणजे यात्रेकरूंसाठीची डॉर्मिटरी, तिथे रात्री सिस्टर्स सगळ्यांना आशीर्वाद देतात, कोण कुठल्या धर्माचा विचारत नाहीत.

लिओनमधून बाहेर पडताना पहिले सात-आठ किमी इंडस्ट्रियल एरिया आणि हायवे आहे, तिथे शूरपणा करू नका, ला व्हिर्हेन देल कामिनोपर्यंत लोकल बस घ्या. कोंपोस्तेलासाठी निदान १०० किमी चालावं लागतं, तुमचे त्याच्या कितीतरी जास्त होतात, काही बिघडत नाही. तिथून दोन फाटे फुटतात, एक हायवेला लागून, दुसरा व्हियार दे मासारिफेवरून शेतांतून. दुसरा घ्या, थोडा लांब आहे पण ट्रकचा आवाज नाही.

पुढचा मुक्काम ओस्पिताल दे ओर्बिगो. इथला पूल बघून तुम्ही म्हणाल एवढ्याशा नदीवर एवढा लांब पूल कशाला, तर वर धरण झालंय, आधी नदी रुंद होती. या पुलावर १४३४ मध्ये सुएरो दे किन्योनेस नावाच्या सरदाराने महिनाभर नाकाबंदी केली होती, प्रेमात पडला होता, बाईसाठी दर गुरुवारी गळ्यात लोखंडी पट्टा घालायचा, आणि नऊ साथीदार घेऊन उभा राहिला की जो सरदार पूल ओलांडेल त्याने आमच्याशी भाल्याने लढायचं, ३०० भाले मोडले की मी या पट्ट्यातून सुटलो. १६६ मोडले, तोवर सगळेच जखमी, पंचांनी म्हटलं पुरे झालं, मग हा पट्टा काढून सांतियागोला गेला. यात्रेकरूंची वाहतूक अडवून हा प्रकार चालला होता हे लक्षात घ्या.

आस्तोर्गाला दुपारी लवकर पोचा. रोमन काळातलं शहर, आणि इथे गाउदीने बांधलेला बिशपचा राजवाडा आहे. १८८७ मध्ये बिशप ग्राऊ यांनी आपल्या गावाकडच्या या आर्किटेक्टला काम दिलं, १८९३ मध्ये बिशप वारले, गाउदीचं बाकीच्यांशी पटेना, तो सोडून गेला, दुसऱ्यांनी पुरं केलं आणि शेवटी बिशप म्हणून तिथे कुणी राहायलाच गेलं नाही, आता म्युझियम आहे. आस्तोर्गा चॉकलेटसाठीही जुनं प्रसिद्ध, चॉकलेटचं म्युझियम आहे, घट्ट हॉट चॉकलेट प्या. इथलं कोसिदो मारागातो तुम्हाला चालणार नाही, पण बघायला मजा येते, आधी मांसाचे सात-आठ प्रकार, मग छोले-कोबी आणि सूप सगळ्यात शेवटी.

इथून डोंगर सुरू. राबानालला थांबा, छोटा मठ आहे, संध्याकाळी ग्रेगोरियन चांट, म्हणजे मठातलं जुनं लॅटिन प्रार्थनागायन, ऐकायला मिळतं, चर्चच्या भिंतीचं प्लास्टर पडलेलं, पंधरा-वीस बाकं, पण माझ्यासाठी बुर्गोसच्या कॅथेड्रलपेक्षा हे जास्त. दुसऱ्या दिवशी फोन्सेबादोन, हे गाव ९० च्या दशकात जवळपास ओस पडलं होतं, यात्रेकरू वाढले तसं परत उभं राहिलं. तिथून दोन किमीवर क्रूस दे फेर्रो, साधारण १५०० मीटर उंचीवर एका उंच लाकडी खांबावर छोटासा लोखंडी क्रूस आणि खाली दगडांचा ढीग. लोक घरून एक दगड आणतात आणि इथे ठेवतात. तुम्हीही अंगणातला सुपारीएवढा खडा आणा, पण फोटो, कपडे, प्लास्टिक असलं काही ठेवू नका, लोक ठेवतात आणि मग ते कुणीतरी साफ करत बसतं.

आता गुडघ्याचा मुद्दा. पूर्ण वाटेवरचा सगळ्यात त्रासदायक भाग हा इथला उतार आहे, चढ नव्हे. क्रूस दे फेर्रोहून मोलिनासेकापर्यंत ९०० मीटर खाली उतरायचं, सुट्या स्लेटच्या पाट्या आणि घसरडे दगड. तो एका दिवसात करू नका. एल आसेबोला थांबा, लाकडी गॅलऱ्यांची, स्लेटच्या छपरांची घरं आहेत, आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या पायांनी. दोन्ही हातात काठ्या, बूट पुढे अंगठ्याला लागणार नाहीत असे बांधलेले, आणि बॅग त्या दोन दिवसांपुरती पुढच्या गावी पाठवून द्या. बॅग पोचवायची सोय सगळ्या वाटेवर आहे, स्पॅनिश पोस्ट पण करतं, एका टप्प्याला पाच-सात युरो. बॅग पाठवली म्हणून यात्रा खोटी होत नाही, होते असं तुम्हाला वाटेत कुणीतरी म्हणेल, त्याचा गुडघा पंचविशीतला असतो.

मोलिनासेकाला नदीत पाय बुडवून बसा. पोन्फेर्रादाला टेम्पलर, म्हणजे मध्ययुगातल्या लढवय्या ख्रिस्ती पंथाच्या सरदारांचा किल्ला आहे, लांबून भारी दिसतो, आत ठीकठाक. पुढे बिएर्सोचं खोरं, द्राक्षमळे, आणि तुम्ही सप्टेंबरच्या शेवटी असाल तर द्राक्षतोडणी चालू असेल, गावागावात लाल ढोबळ्या मिरच्या भाजल्याचा वास, त्या भाजलेल्या मिरच्या ऑलिव्ह तेल आणि लसूण घालून पावाबरोबर, शाकाहारी माणसाचे इथले दोन दिवस फार चांगले जातात. व्हियाफ्रांकामध्ये सांतियागो चर्चचं एक उत्तरेकडचं दार आहे, क्षमेचं दार, जे यात्रेकरू आजारामुळे पुढे जाऊ शकत नसत त्यांनी या दारात यायचं आणि त्यांना सांतियागोला पोचल्याचीच पापक्षमा मिळायची. मध्ययुगात बरेच जण पोचायचे नाहीत, तेव्हा हे असलं दार असणं किती मोठी गोष्ट होती विचार करा.

ओ सेब्रेइरोचा चढ तोडून करा, आदल्या रात्री लास एर्रेरियासला राहा, सकाळी आठ किमी आणि सहाशेच्या वर मीटर चढ, दुपारच्या आत वर. साधारण १३०० मीटर उंचीवरचं गाव, गवताने शाकारलेली गोल दगडी घरं, धुकं, आणि तुम्ही आता गालिसियात, म्हणजे सांतियागोच्या प्रांतात आलात. इथल्या चर्चमध्ये एक मध्ययुगीन चषक आहे. एक शेतकरी बर्फाच्या वादळात मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आला, पाद्री मनात म्हणाला एवढ्याशा भाकरी आणि वाइनसाठी कशाला आला हा वेडा, आणि वेदीवर भाकरीचं मांस आणि वाइनचं रक्त झालं, अशी आमची श्रद्धेची गोष्ट. पण मला ओ सेब्रेइरो आवडतं ते इथल्या एका फादरांमुळे, फादर एलियास व्हालिन्या. आज वाटभर तुम्हाला ज्या पिवळ्या बाणांच्या खुणा दिसतील, झाडावर, दगडावर, गोठ्याच्या भिंतीवर, त्या मुळात यांनी १९८४ मध्ये रंगवायला घेतल्या, रस्त्याच्या कामातून उरलेला पिवळा रंग आणि आपली छोटी गाडी. त्या वेळी ही वाट चालणारं जवळपास कुणी उरलं नव्हतं. सांगतात की फ्रान्सच्या हद्दीजवळ पोलिसांनी हटकलं तर म्हणाले मोठ्या स्वारीची तयारी करतोय. १९८९ मध्ये गेले, स्वारी बघायला राहिले नाहीत. त्यांचा अर्धपुतळा चर्चबाहेर आहे, आमचा ग्रुप तिथे थांबतो.

त्रियाकास्तेलाहून परत दोन फाटे आहेत, सामोसवरून जा, सहा-सात किमी जास्त पण नदीकाठची सावली आणि खाली दरीत अचानक दिसणारा प्रचंड बेनेडिक्टाइन मठ. सारियाबद्दल काही बोलत नाही, सामान घ्यायला ठीक. पोर्तोमारिन बघण्यासारखं. जुनं गाव १९६० च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेलं, त्याआधी किल्ल्यासारखं दिसणारं सान निकोलासचं चर्च दगड न् दगड नंबर घालून सोडवलं आणि वर टेकडीवर परत रचलं, दगडांवरचे नंबर अजून दिसतात, शोधा. पाणी उतरलं की जुन्या गावाचे अवशेष दिसतात, कोयना-उजनीचं विस्थापन ऐकून मोठं झालेल्या माणसाला तिथे फार काही समजावून सांगावं लागत नाही.

नंतरचे दिवस निलगिरीची जंगलं, धान्य ठेवायची खांबांवरची लांबट कोठारं, पाऊस. मेलिदेला सगळे ऑक्टोपस खायला थांबतात, तुम्ही आर्सुआचं मऊ चीज आणि पाव घ्या. शेवटच्या १०० किमीत दिवसाला किमान दोन शिक्के क्रेदेन्सियालवर, म्हणजे यात्रेच्या पासबुकवर, घ्यायला विसरू नका, बार, चर्च, आल्बेर्गे कुठेही मिळतात.

सांतियागोला ओब्रादोइरो चौकात पोचलात की आधी बसा, कॅथेड्रल पळून जात नाही. मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, ठेवून या. संत याकोबांच्या कबरीची गोष्ट अशी की नवव्या शतकात ती इथे सापडली असं मानतात, १५८९ मध्ये ड्रेक या इंग्रज आरमारी सरदाराच्या भीतीने अवशेष लपवले आणि ते इतके व्यवस्थित लपवले की १८७९ पर्यंत नीट कुणाला सापडलेच नाहीत, १८८४ मध्ये पोपनी मान्यता दिली. अस्थी खरंच त्यांच्याच का, यावर इतिहासकारांना शंका आहे आणि ती रास्त आहे, मी कॅथलिक असूनही भांडत नाही, हजार वर्षं चाललेली माणसं तर खरी आहेत. मास्तर मातेओचा ११८८ चा पोर्तिको दे ला ग्लोरिया, कॅथेड्रलचं कोरीव दगडी प्रवेशद्वार, तिकीट काढून जरूर बघा. बोताफुमेइरो, तो पन्नास किलोच्या वरचा धुपाटणा जो आठ जण दोरीने छतापर्यंत झुलवतात, तो रोज नसतो, मोठ्या सणांना असतो किंवा कुणी देणगी दिली असेल तर, तेव्हा त्याच्यावर प्लॅन बांधू नका.

ख्रिश्चन नसल्याचं. अजिबात अवघडू नका. क्रेदेन्सियाल कुणालाही मिळतं. कोंपोस्तेला देताना हेतू विचारतात, धार्मिक किंवा आध्यात्मिक म्हटलं तरी मिळतं, फक्त फिरायला म्हटलं तर वेगळं स्वागतपत्र देतात, खोटं बोलायची गरज नाही. मिस्साला बसा, उभं राहायचं तेव्हा उभं राहा, कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घ्यायच्या, रांगेत मात्र जाऊ नका, ते बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतं, आशीर्वाद हवा असेल तर दोन्ही हात छातीवर आडवे ठेवून गेलं की फादर समजतात. आमच्या आगाशीचं चर्च याच संत याकोबांच्या नावाचं आहे, २५ जुलैला सण, निघण्याआधी एकदा येऊन जा, विरारहून जवळच.

आणि वारीसारखं नाही हो. वारीत दिंडी आहे, ठरलेली तिथी आहे, अभंग आहेत, आपण एका मोठ्या चालण्याचा भाग असतो. कामिनो वर्षभर चालू असतो, जो तो एकटा निघतो, आपल्या वेगाने, दिवसभर कुणी भेटतं न भेटतं. एकत्र येणं होतं ते रात्री जेवायच्या टेबलावर. टाळ-मृदंगाची अपेक्षा ठेवून आलेल्यांना पहिले तीन दिवस सुनं सुनं वाटतं.

जेवण हा मात्र खरा प्रश्न आहे. नुसतं व्हेजिटेरियन म्हणून भागत नाही, सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन असं तिन्ही म्हणा, मांस नको, मासे नको, हॅम नको, कारण हॅमला तिथे बरेच जण मांस धरतच नाहीत. मसूर सूपमध्ये चोरिसो, म्हणजे डुकराचं सॉसेज, असतो, गालिसियाच्या कोबीच्या सूपमध्ये डुकराची चरबी, मिक्स सॅलडमध्ये ट्यूना. भरवशाचं म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, तोर्तिया म्हणतात, टोमॅटो चोळलेला पाव, हिरव्या छोट्या तळलेल्या मिरच्या, आणि बदामाचा सांतियागो केक. रेस्टॉरंटमध्ये रात्रीचं जेवण आठशिवाय मिळणं कठीण, दुपारी दोन ते चार मात्र व्यवस्थित, म्हणून मोठं जेवण दुपारीच करा. काही आल्बेर्गेत किचन असतं, सुपरमार्केटात बरणीत शिजवलेले छोले मिळतात, गोडा मसाल्याची पुडी असली की काम झालं. गालिसियाच्या सरकारी आल्बेर्गेत किचन असतं पण बऱ्याचदा भांडी नसतात, हे माहीत असू द्या. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच घेऊन ठेवा. भारतातून मेतकूट, चटणी, लोणचं आणा, पण तूप, पेढे असं दुधाचं काही नको, युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत.

आल्बेर्गेत एका बेडला साधारण १० ते १८ युरो, दिवे दहाला बंद, घोरणारे असतातच, इअरप्लग आणा. ढेकूण हा खरा त्रास आहे, गादीच्या शिवणी बघा आणि बॅग बेडवर ठेवू नका. तुम्ही दोघं आहात, दर तीन-चार दिवसांनी पेन्शनमध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या लॉजमध्ये, स्वतंत्र खोली घ्या, झोप पुरी होते. अजून एक जे फारसं कुणी सांगत नाही, गालिसिया युरोपच्या पार पश्चिमेला आहे पण घड्याळ माद्रिदचं, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये सकाळी सव्वाआठ-साडेआठपर्यंत अंधार असतो. पहाटे पाचला निघायची आपली सवय तिथे सोडा, हेडलॅम्प ठेवा.

व्हिसा शेंगेन, स्पेनचाच काढा, प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत अर्ज करता येतो आणि तुम्ही लवकर करा. राहायचा पुरावा मागतात, आल्बेर्गेवाले सगळे बुकिंग घेत नाहीत, म्हणून रद्द करता येणारी खासगी बुकिंग्ज सगळ्या रात्रींची जोडा आणि सोबत टप्प्यांचं पत्रक. इन्शुरन्स निदान ३०,००० युरोचा लागतो. जाणं पुढे ढकलणार असाल तर २०२७ ला २५ जुलै, संत याकोबांचा सण, रविवारी येतो म्हणजे ते पवित्र वर्ष, कॅथेड्रलचं एरवी बंद असणारं पवित्र दार उघडं असेल पण गर्दी फार, तेव्हा शेवटच्या आठवड्याच्या खोल्या आधीच धरून ठेवा.

बॅग स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत. बूट रोजच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे, आत्ताच घ्या आणि आठवड्याला चार दिवस तेच घालून डांबरी रस्त्यावर चाला, कारण वाटेचा बराच भाग सिमेंट आणि डांबरच आहे आणि सह्याद्रीत चालून पायांना त्याची सवय होत नाही. तुमच्या तारखा नक्की झाल्या की कळवा, मुक्कामाची गावं एकेक करून लिहून देते.